मधला गोल

कॉब्झफेरी, केंटकी
१८ मार्च १९९७

प्रिय ओझी मावशी,

फोनवर मी नुसतं "हो मावशी, हो मावशी" करून सुटतो आणि कागदावर मात्र मला खोटं बोलता येत नाही, असं तुझं म्हणणं. म्हणून हे पत्र लिहायला बसलोय.

आम्ही हरलो ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. शेवटी शेवटी मी बाकावर का बसलो होतो, असं अख्खा गाव तुला विचारत असेल. काही विशेष नाही. डोळ्यांपुढे जरा अंधारी आली, सकाळी काही खाल्लं नव्हतं. ते सोड.

खरी गोष्ट वेगळीच आहे. कॉलेजची माझी अजून दोन वर्षं बाकी आहेत, पण जो भेटतो तो म्हणतो, आत्ताच प्रोफेशनल हो. जूनमध्ये बास्केटबॉलचे मोठे संघ नवी पोरं निवडतात. रँडल टिलेट नावाचा एक एजंट आहे, तो छातीठोकपणे सांगतो की यंदा माझं नाव पहिल्या फेरीतच लागणार. "थांबलास आणि गुडघा गेला तर पदवी काय चाटणार आहेस?" असं म्हणतो. त्याचं बोलणं चुकीचं वाटत नाही. गेलो तर तुला त्या माशांच्या कारखान्यातून बाहेर काढता येईल. बर्फात हात घालून तुझी बोटं कशी झालीत ते मला दिसतं.

पण आईला पदवी हवी होती, तेही मी विसरलेलो नाही. तू सांग. ईस्टरला घरी येतोय.

तुझा,
केंड्रेल

———

टिबी बेंड, मिसिसिपी
२३ मार्च १९९७

बाळ केंड्रेल,

माझ्या बोटांची काळजी तू करू नकोस. त्यांनी तुला वाढवलंय, आणि वेळ आली तर अजूनही कान धरतील. तू एवढा ताडमाड झालास म्हणून काय झालं, मी स्टुलावर चढेन.

तुझा तो टिलेट इथे येऊन गेला. केवढी लांबलचक गाडी! आमच्या गल्लीत वळेना, तेव्हा शेवटी चिखलातून चालत आला. "ताई" म्हणाला, खुर्ची पुसून बसला आणि जाताना डुकराची एक अख्खी मांडी ठेवून गेला. त्याला मी स्पष्ट सांगितलं की पोरगा शिकणार. मांडी मात्र ठेवून घेतली. मांसाचा काय दोष?

तुझी आई साखरेच्या आजाराने गेली तेव्हा शेवटी शेवटी तिला नीट दिसतही नव्हतं. पण "केंड्रेलला पदवीची टोपी आणि झगा घातलेला बघ हं, माझ्या वतीने बघ" असं माझा हात धरून म्हणाली. मी शब्द दिलाय. चेंडू काय, आज आहे तर उद्या नाही.

आणि उपाशीपोटी खेळत जाऊ नकोस. तुझा लॉन्झो मामा असाच होता. पोटात काही नाही, आणि भर ऑगस्टात कापसाच्या ट्रकमागे पळाला. ऊन लागलं, पडला तो पडलाच. एकोणीस वर्षांचं पोर. खात जा.

ईस्टरला ये. काय करायचं ते देवच सांगेल.

ओझी मावशी

———

कॉब्झफेरी
५ एप्रिल १९९७

प्रिय मावशी,

सुखरूप पोचलो. तू दिलेला केक मित्रांनी वाटेतच संपवला.

चर्चमध्ये काय झालं ते मला खरंच आठवत नाही. गाणं चढत होतं, सगळे उभे होते, मीही टाळ्या वाजवत नाचत होतो. पुढचं आठवतं ते एकदम चर्चच्या सेविका फ्लोरीनबाई, त्यांचे पांढरे हातमोजे आणि माझ्या तोंडावर हलणारा पंखा. तुम्ही सगळ्या रडत होता, हसत होता. पाद्रीसाहेब म्हणाले, पवित्र आत्मा अंगात आला की असंच होतं. येत असेल. पण मावशी, आत काहीच नव्हतं. उजेड नाही, आवाज नाही. दिवा बंद केल्यासारखं झालं, बस.

तू रागावशील, पण मी निवडीसाठी नाव दिलंय. एजंटाशी करार केला नाही तर जूनपर्यंत नाव मागे घेता येतं, तेव्हा घाबरू नकोस. आणि ती मांडी! नियम असा आहे की एजंटाकडून माझ्या घरच्यांनी काडीसुद्धा घ्यायची नाही. कळलं तर कॉलेजचा खेळ कायमचा बंद. उरली असेल ती मांडी कुत्र्याला घाल आणि तोंड बंद ठेव.

केंड्रेल

———

टिबी बेंड
१३ एप्रिल १९९७

बाळा,

मांडी कधीच संपली. हाडाचं सूपसुद्धा झालं. पाद्रीसाहेबांनी दोनदा वाढून घेतलं. आता काय, बोलावू का त्यांना साक्षीला?

चर्चचं म्हणशील, तर तुला आठवत नाही यातच सगळं आलं. मला पहिल्यांदा आत्मा आला तेव्हा मलाही काही आठवत नव्हतं. तू उभाच्या उभा आडवा झालास, अंगात जोर म्हणून नाही, चेहरा राखेसारखा. सगळ्या बाया ओरडल्या, "येशू, येशू!" मी तर गुडघ्यांवरच बसले. कुठल्या दिवशी पडलास तेही बघ. नाव देऊ की नको, या विचाराने तुझं डोकं फिरलेलं असताना देवाने तुला तुझ्या घरच्या जमिनीवर आणून झोपवलं. याहून स्पष्ट तो काय सांगणार? "इथेच थांब," असंच सांगितलं त्याने.

देव तारी त्याला कोण मारी. नाव मागे घे.

मावशी

———

कॉब्झफेरी
१२ जून १९९७

मावशी,

नाव मागे घेतलं. निवडीआधी पोरांना खेळवून, तपासून बघतात त्या शिकागोच्या शिबिरातून पहिल्याच दिवशी परत आलो. दोन वर्षं इथेच राहीन, पदवी घेईन. तू जिंकलीस, तुझा आत्मा जिंकला.

त्याबद्दल जास्त विचारू नकोस.

केंड्रेल

———

टिबी बेंड
२० जून १९९७

माझ्या राजा,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. रविवारी पाद्रीसाहेबांनी ते चर्चमध्ये वाचून दाखवलं. फ्लोरीन म्हणाली, "मीच त्याला वारा घातला होता!" जशी काही तीच आत्मा घेऊन आली होती.

तुझ्या आईच्या थडग्यावर जाऊन सांगून आले. तिला सांगितलं, बघ, ऐकलं पोराने.

टिलेटचा फोन आला होता. "ताई" वगैरे सगळं संपलंय आता. म्हणतो कसा, "तुमच्या पोराला विचारा, दुसऱ्या दिवशीच्या तपासणीच्या आधीच शेपूट घालून का पळाला ते." मी फोन आपटला. गोड बोलून गळा कापणारी जात ती. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. होय ना?

मावशी

———

कॉब्झफेरी
२९ ऑक्टोबर १९९७

प्रिय मावशी,

उन्हाळाभर लिहिलं नाही म्हणून तू चार शिव्या दिल्या असशील. दे. बातमी चांगली आहे: मी कर्णधार झालो! पंधरा नोव्हेंबरला, शनिवारी, इथेच पहिला सामना. वर्तमानपत्रात लिहिलंय की पुढच्या वर्षीच्या निवडीत अख्ख्या देशात माझंच नाव पहिलं लागेल.

काल डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. तपासलं कसलं! जिममध्ये आम्ही शर्ट काढून रांगेत उभे, हा कान लावतो न लावतो तो पुढचा. मला विचारतो, "घरात कोणी तरुणपणी अचानक मेलंय का?" मी म्हटलं, "आमच्याकडे मरायला कुणाला सवड नाही साहेब, आणि माझी मावशी तर यमालाही स्वयंपाकघरात भांडी घासायला लावेल." तो हसला आणि पास केलं.

हल्ली जिना चढताना जरा धाप लागते. वय झालं!

तुझा कर्णधार

———

टिबी बेंड
४ नोव्हेंबर १९९७

केंड्रेल,

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बायांना वाचून दाखवत होते. यमाच्या वाक्याला सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मला लॉन्झो आठवला आणि घास तोंडातच राहिला.

आम्ही सगळ्यांनी म्हटलं, ऊन लागलं. त्या दिवशी सगळेच उन्हात होते रे. माझा बाप होता, मी होते, दहा वर्षांची पोरं होती. पडला तो एकटा लॉन्झो, आमच्यातला सगळ्यात दांडगा. त्याचाही चेहरा असाच राखेसारखा झाला होता, चर्चमध्ये तुझा झाला तसा. आई ओरडत होती तेव्हा मी त्याच्या जवळच उभी होते.

संध्याकाळी मी फ्लोरीनकडे गेले. म्हटलं, खरं सांग, माझा पोरगा पडला तेव्हा तू त्याचं मनगट धरलं होतंस ना? ती आधी आत्म्याचंच सांगत बसली. मग रडायलाच लागली. म्हणाली, "ओझेला, नाडी लागत नव्हती गं. थोडा वेळ काहीच लागत नव्हतं. मला वाटलं माझे हातमोजे जाड आहेत." सगळं चर्च नाचत होतं, तिला बोलायचं धाडस झालं नाही.

टिलेट काय म्हणत होता? तू शिकागोहून का पळालास? मला कागदावर सांग. आणि मोठ्या डॉक्टरला दाखवेपर्यंत चेंडूला हात लावू नकोस. गळ्याची शपथ आहे तुला.

मावशी

———

कॉब्झफेरी
९ नोव्हेंबर १९९७

मावशी,

कागदावर खोटं बोलता येत नाही म्हणतेस. मग घे.

शिकागोला आम्हाला तपासायला एक म्हातारा डॉक्टर होता. मासे धरायच्या गप्पा मारणारा, तुझ्यासारखाच बोलका. त्याने माझ्या छातीला कान लावला. मग उकिडवं बसायला सांगितलं, उभं राहायला सांगितलं आणि पुन्हा ऐकलं. त्यानंतर तो बोलायचाच थांबला. मासे संपले. "उद्या सकाळी मोठ्या यंत्रावर बघू, तोवर खेळू नकोस," म्हणाला. "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?" हेही त्यानेच पहिल्यांदा विचारलं. मला तेव्हाच मामा आठवला. "विचारून सांगतो" म्हटलं, खोलीवर आलो, बॅग भरली आणि निघालो.

म्हणजे तुझ्यामुळे मी थांबलो नाही. आईच्या शब्दामुळेही नाही. इथे कुणी नीट ऐकत नाही, म्हणून इथे थांबलो. तुझा आत्मा मला आयताच सापडला. पाद्रीसाहेबांनी माझं पत्र चर्चमध्ये वाचलं असं तू लिहिलंस, त्यानंतर उन्हाळाभर मला पेन हातात घेता आलं नाही.

तू म्हणशील, डॉक्टरकडे जा. आणि जाऊन? त्याने एकदा लिहिलं की संपलं. ना कॉलेजचा संघ, ना प्रोफेशनल लीग. जोवर कुणी ते लिहीत नाही तोवर मी खेळाडू आहे. लिहिलं की मी नुसता एक उंच माणूस. तसं जगण्यापेक्षा मी खेळतो. मामा ट्रकमागे पळाला तेव्हा त्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे, एवढाच फरक.

हे तुझ्यामाझ्यात ठेव. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याकडे काही मागतोय.

केंड्रेल

———

टिबी बेंड
१३ नोव्हेंबर १९९७

केंड्रेल,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. माझ्याबरोबरच येईल, तुझ्या दाराखालून सरकवीन.

नाही ठेवलं मी तुझ्यामाझ्यात. तुझ्या कोच हॅगर्टीला फोन करून सगळं सांगितलं. लॉन्झो, फ्लोरीन, शिकागो, सगळं. तो फार सभ्य. "बाई, आमच्या डॉक्टरांनी त्याला पास केलंय. पहिल्या सामन्याच्या आधी घरच्यांना धाकधूक होतेच." आणि हसला. मग मी म्हटलं, "बरं, हृदयाचं राहू दे. एजंटाने दिलेली डुकराची मांडी मी खाल्लीय." पोराच्या जिवाचं ऐकून घेईना, आणि मांडीचं नाव काढताच हसणं विरलं त्याचं. हळूच विचारतो, "बाई, हे आणखी कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, अख्ख्या चर्चला. म्हणाला, "सामना होईपर्यंत कुठे बोलू नका, मग बघू."

मग बघू! मग काय बघणार आहे तो?

उद्या सकाळच्या बसने निघतेय. जांभळी टोपी घालेन, म्हणजे तुला लांबून दिसेन. सामना सुरू करायला तुम्ही ज्या मधल्या गोलात उभे राहता ना, तिथे मी जाऊन बसणार आहे. एवढ्या वर्षांत मी देवाला जे मागितलं ते त्याने दिलं, म्हणून मला वाटायचं मला त्याची भाषा कळते. नाही कळत. त्याने तुला माझ्या पायांशी आणून पाडलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. तुला शिकागोच्या त्या यंत्रापर्यंत ढकलत न्यायला हवं होतं मी. तो लबाड टिलेट तुला वाचवायला निघाला होता, त्याच्याही नकळत. आणि मी आडवी आले.

आता पुन्हा आडवी येतेय. रागाव खुशाल.

मावशी

———

कॉब्झफेरी
११ जानेवारी १९९८

मावशी,

दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. आजही बोलायला लिहीत नाहीये, एक काम आहे.

पण तुला एवढं सांगायला हवं की अजूनही रोज मला ते दिसतं. दहा हजार माणसं, आणि मधोमध तू, मांडीवर पर्स घेऊन. सुरक्षारक्षक वाकून म्हणतोय, "आजी, उठा," आणि तू म्हणतेस, "चौघं या, आणि कंबर सांभाळून उचला." आधी लोक हसले. मग हुर्यो झाली. तू पत्रकारांकडे बघून ओरडलीस, "माझ्या घरी एजंटाची मांडी आली होती, लिहून घ्या!" मला त्या क्षणी वाटलं, जमीन फाटावी आणि एक तर मला गिळावं नाहीतर तुला.

मांडीमुळे चौकशी, चौकशीमुळे मला बसवलं, आणि बसलोच आहे तर म्हणून कोचने मोठ्या यंत्राखाली घातलं. शिकागोचा म्हातारा जे बोलला नव्हता ते यांनी लिहून दिलं. हृदयाची भिंत जाड आहे. पळताना कधीही थांबू शकतं. खेळ बंद, जन्मभर.

आता मी नुसता उंच माणूस आहे. दुकानात बायका मला वरच्या फळीवरचे डबे काढून द्यायला सांगतात.

टिलेट आला होता. समुद्रापलीकडे एक संघ आहे म्हणतो. पैसे बरे आहेत, लोक वेडे आहेत खेळासाठी, आणि तिथे छातीला कोणी कान लावत नाही. मी सही केली. म्हणजे शेवटी झालोच प्रोफेशनल, तेही पदवीच्या आधी. पासपोर्ट काढायला जन्माचा दाखला लागतो, तो तुझ्या बायबलमध्ये आहे. लगेच पाठव.

मला समजावायला येऊ नकोस. जगातल्या प्रत्येक मैदानाच्या मधोमध तुला बसता येणार नाही, मावशी.

केंड्रेल

———

टिबी बेंड
१७ जानेवारी १९९८

केंड्रेल,

खरंय, नाही येणार बसता. गुडघे गेलेत माझे, आणि समुद्रापलीकडे आपली बस जात नाही.

दाखला बायबलमध्येच होता, तुझ्या आईच्या फोटोमागे. तुझं वजन लिहिलंय त्यावर. जन्मलास तेव्हाच नर्स म्हणाली होती, केवढं दांडगं पोर, याला काही होणार नाही. मी तो दाखला दोनदा वाचला आणि चुलीत घातला.

मला ठाऊक आहे, सरकारी कचेरीला लिहिलंस की तुला दुसरा मिळेल. फ्लोरीनची मुलगी तिथे कामाला होती, तिला विचारलं मी. ती म्हणाली, मिळतो, पण त्यांचं काम गोगलगायीसारखं, बरेच आठवडे जातात.

जाऊ देत. तोवर इथे ये, माझ्यासमोर बसून माझा राग कर, मी तुला मक्याचा पाव करून घालते. नाही आलास तरी हरकत नाही. तेवढे आठवडे तरी तू जिवंत राहशील. पुढचं पुढे.

ओझी मावशी